खल्ला : कणकेतला तो उंडा बाजूला का काढतात?

मळलेल्या कणकेतून लहान लिंबाएवढा उंडा तोडायचा, आशीर्वचन म्हणायचे, उंडा फॉइलमध्ये गुंडाळायचा आणि जाळून टाकायचा. शुक्रवारी शब्बाथसाठी, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होऊन शनिवारी रात्री संपणाऱ्या विश्रामदिवसासाठी, ब्रेड भाजणाऱ्या यहुदी घरांत हे नित्याचे काम आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला मात्र कोडे पडते. चांगली कणीक जाळायची कशाला? आणि जे कुणाच्याच पोटात जात नाही, ते दान कसले?

मराठी वाचकाला गोग्रास किंवा नैवेद्य आठवणे साहजिक आहे, पण साम्य वरवरचे आहे. नैवेद्य देवापुढून परत येतो आणि सगळे खातात; गोग्रास गाय खाते. खल्ल्याचा उंडा आज कुणीच खात नाही, पुरोहितसुद्धा नाही. तो काढल्याने फरक पडतो तो उरलेल्या कणकेला. काढण्याआधी ती कणीक ‘तेवेल’ असते, म्हणजे पवित्र वाटा अजून आत मिसळलेला असल्यामुळे खायला मना असलेली. वाटा वेगळा झाला की उरलेली सगळी कणीक घरच्यांची. हा विधी समजून घ्यायचा तर नजर उंड्यावर ठेवण्यापेक्षा परातीवर ठेवावी.

शब्बाथच्या वेणीदार ब्रेडलाही खल्लाच म्हणतात. घोळ नको म्हणून या लेखात खल्ला म्हणजे बाजूला काढलेला उंडा, आणि ब्रेड तो ब्रेड.

आज्ञा कुठे येते, ते महत्त्वाचे

तोरातल्या, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांतल्या, ‘गणना’ या ग्रंथाच्या 15व्या अध्यायात, 17 ते 21 या ओव्यांमध्ये ही आज्ञा आहे. मी तुम्हाला नेतो आहे त्या देशात पोहोचून तिथली भाकर खाल, तेव्हा मळलेल्या कणकेतला पहिला वाटा परमेश्वरासाठी वेगळा काढा, आणि हे पिढ्यान्‌पिढ्या करा, असा तिचा आशय आहे.

त्याच्या आधीच्या दोन अध्यायांत हेरांची गोष्ट आहे. मोशे त्या देशात बारा हेर पाठवतो, त्यांतले दहा घाबरून परत येतात, लोक रडतात, आणि 40 वर्षे वाळवंटात काढण्याची शिक्षा होते. त्यानंतरच्याच अध्यायात कणकेचा नियम. भाष्यकारांनी या शेजाराचा अर्थ लावला आहे आणि तो पटण्यासारखा आहे. वाळवंटात लोकांना मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेले अन्न, मिळत होता. रोज पहाटे जमिनीवर पडलेला, गोळा करून आणायचा एवढेच. नांगर नाही, पेरणी नाही, मळणी नाही. देशात शिरल्यावर हे सगळे करावे लागणार होते, आणि इतके राबून केलेली भाकर ‘माझी’ वाटणार होती. ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या 8व्या अध्यायात नेमका हाच इशारा आहे: माझ्याच बळाने मी हे मिळवले, असे मनात म्हणू नकोस.

म्हणून आज्ञेची वेळ पाहावी. शेतमालातला पुरोहितांचा आणि लेव्यांचा (मंदिरात सेवा करणाऱ्या लेवी वंशाचा) वाटा खळ्यावर, धान्यातून निघत असे. तो शेतकऱ्याचा प्रश्न. खल्ला लागू होतो तो पीठ आणि पाणी एकजीव झाल्यावर. नांगरणीपासून चाळणीपर्यंतचे कष्ट संपलेले असतात, फक्त भाजणे राहिलेले असते. माणसाचे कर्तृत्व सर्वांत जास्त दिसते त्या टप्प्यावर हात थांबवायचा. शिवाय यातून कुणी सुटत नाही. स्वतःची जमीन नसलेल्या, बाजारातून पीठ आणणाऱ्या घरालाही तो लागू होतो.

वाटा कुणाचा, आणि जाळायचा का?

मुळात हा वाटा कोहेनचा, म्हणजे मोशेचा भाऊ अहरोन याच्या वंशातल्या याजकाचा, पुरोहिताचा. या घराण्याला देशात शेतजमिनीचा हिस्सा नव्हता. मंदिरातली सेवा हेच त्यांचे काम. त्यांना मिळणाऱ्या 24 देण्यांपैकी खल्ला एक. 13व्या शतकातल्या स्पेनमध्ये लिहिल्या गेलेल्या, आज्ञांची कारणे सांगणाऱ्या एका ग्रंथात यावर छान व्यावहारिक टिपण आहे: धान्य दिले तर याजकाला ते चाळावे आणि दळावे लागेल, मळलेली कणीक मात्र लगेच भाजता येते. त्याच ठिकाणी दुसरे कारणही दिले आहे. बहुतेक जग भाकरीवर जगते, म्हणून रोज हाताखालून जाणाऱ्या याच वस्तूला आज्ञा जोडली, म्हणजे अन्न शरीराबरोबर आत्म्यालाही पोसेल.

इ.स. 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर पाडले. खल्ला खाणारा कोहेन शुद्ध अवस्थेत असावा लागतो. प्रेताच्या स्पर्शाने किंवा सान्निध्याने आलेली अशुद्धी तांबड्या कालवडीच्या राखेच्या विधीनेच जाते, आणि तो विधी आज करता येत नाही. त्यामुळे कोहेनला हा उंडा खाता येत नाही, इतरांना तर कधीच येत नव्हता. पवित्र वस्तू असल्यामुळे तो खरकट्यासारखा फेकताही येत नाही. उरतो मार्ग जाळण्याचा. हा होम नव्हे, आणि ‘देवाला अग्नीतून पोहोचवणे’ असाही त्याचा अर्थ नाही. ज्याचा उपयोग करता येत नाही, त्याची सन्मानाने लावलेली विल्हेवाट, इतकेच.

शास्त्राचा बारकावा असा की तोराच्या पातळीवर ही आज्ञा बहुसंख्य यहुदी आपल्या देशात राहत असतील तेव्हाच लागू होते. आज इस्राएलमध्येही ती रब्बींच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, आदेशाने पाळली जाते. देशाबाहेर पाळायचे कारण तालमूद, म्हणजे रब्बींच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, सरळच सांगतो: खल्ल्याचा विसर पडू नये म्हणून. दोन ठिकाणच्या नियमांत फरक आहे, तो पुढे चुकांच्या ठिकाणी कामाला येतो.

किती पिठाला?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, आणि विधीचा गाभाही इथेच आहे.

माप आहे एक ओमेर, म्हणजे 43.2 अंड्यांच्या आकारमानाएवढे पीठ. हा आकडा हवेतून आलेला नाही. ‘निर्गम’च्या 16व्या अध्यायात प्रत्येक माणसाला रोज एक ओमेर मान्ना मिळत असे. म्हणजे खल्ला कधी लागू होतो, तर एका माणसाच्या दिवसाच्या अन्नाएवढी कणीक एका वेळी मळली जाते तेव्हा. त्याहून कमी असेल तर काहीच काढायचे नाही. मूठभर पिठावर जगणाऱ्याकडून त्याचा घास मागितलेला नाही. दिवसाची भाकर पूर्ण झाली, की त्यातला पहिला वाटा. खल्ल्याच्या अर्थाबद्दल पुष्कळ गोड बोलले जाते. मान्ना आणि परात यांना जोडणारा हा एक आकडा त्या सगळ्यापेक्षा जास्त सांगतो असे वाटते.

अंड्यांचे किलो करताना मते फुटतात. 12व्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या मैमोनिदेस या धर्मशास्त्रकाराने तिथल्या गव्हाच्या पिठाचे वजन 520 दिरहम (त्या काळचे एक वजन) दिले. दिरहम 3.2 ग्रॅमचा धरला तर 1,664 ग्रॅम होतात. 3 ग्रॅमचा धरला तर 1,560. आजच्या पुस्तिकांमध्ये दिसणारे 1.66 आणि 1.56 किलो हे आकडे असे आले. आकारमानावरून, आजच्या हलक्या पिठाच्या हिशेबाने गेले तर सव्वा किलोच्या आसपास उत्तर येते. अंडी मोठी धरणारा एक कडक पंथ सव्वादोन किलोवर जातो.

व्यवहारात असे करतात: पीठ 1.2 किलोपेक्षा कमी असेल तर काही काढत नाहीत. 1.2 ते 1.66 किलोच्या मध्ये उंडा काढतात, पण आशीर्वचन म्हणत नाहीत, कारण शंका असताना देवाचे नाव घेऊन आशीर्वचन म्हणायचे नसते. 1.66 किलोपासून आशीर्वचनासकट. मोजायचे ते फक्त पीठ. साखर, तेल, अंडी आणि पाणी धरायचे नाही. पाककृतीत ‘दोन किलो कणीक’ लिहिले असेल तर ते तयार कणकेचे वजन असू शकते, आणि मग पीठ सव्वा किलोच निघते. ही चूक फार होते. आणि खल्ला टाळण्यासाठी मुद्दाम थोडे थोडे पीठ मळणे शास्त्राला मान्य नाही.

कोणते पीठ?

पाच धान्ये: गहू, जव, स्पेल्ट हा गव्हाचाच जुना प्रकार, ओट आणि राय. मिश्नाच्या, म्हणजे तालमूदाचा पाया असलेल्या जुन्या नियमसंग्रहाच्या, ‘खल्ला’ याच नावाच्या प्रकरणाची सुरुवात या यादीने होते. तांदूळ आणि बाजरीसारखी भरड धान्ये त्यात नाहीत. मिश्ना त्यांना नाव घेऊन सूट देतो.

कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाच्या स्वयंपाकघरात याचा हिशेब सरळ लागतो. तांदळाची भाकरी कितीही थापली तरी खल्ला नाही. ज्वारी-बाजरीचेही तेच. गव्हाच्या पोळ्यांना मात्र तत्त्वतः लागू, कारण तव्यावर कोरडी भाजलेली पोळी ही भाकरच मानली जाते; चिकटू नये म्हणून लावलेल्या थोड्या तेलाने फरक पडत नाही. रोजच्या चारपाच माणसांच्या पोळ्यांना तेवढे पीठ लागत नाही. सव्वा किलो पिठाच्या चाळीसेक पोळ्या होतात, तेव्हा प्रश्न येतो तो लग्नकार्यात. पुऱ्यांचे वेगळे: सुरुवातीपासून सगळीच कणीक तळायची असेल तर ती भाकरीची कणीक ठरत नाही. मोठ्या प्रमाणात असल्यास खबरदारी म्हणून उंडा आशीर्वचनाशिवाय काढतात. पण त्याच परातीतून थोड्या पोळ्याही भाजायच्या असतील तर रब्बीला विचारूनच ठरवावे.

कणीक पाण्यात मळलेली असणेही महत्त्वाचे. निव्वळ फळांच्या रसात किंवा अंड्यांत मळलेल्या कणकेबद्दल शंका आहे, म्हणून तिच्यात थोडे तरी पाणी घालण्याची पद्धत आहे.

प्रत्यक्ष कृती

पीठ वजन करून घ्या. यीस्ट, पाणी आणि बाकीचे घालून मळा. कोरडे पीठ दिसेनासे होऊन एकसंध गोळा झाला की उंडा काढता येतो. बरेच जण पहिल्यांदा फुगल्यावर काढतात, आणि ते चालते. लाद्या किंवा वेण्या वळायच्या आधी काढणे सर्वांत सोयीचे, कारण तेव्हा सगळी कणीक एकाच परातीत, एकाच तुकड्यात असते.

उभे राहून हे आशीर्वचन म्हणतात: बारुख अत्ता अदोनाय, एलोहेनू मेलेख हाओलाम, अशेर किद्देशानू बेमित्स्वोताव वेत्सिव्वानू लेहफ्रिश खल्ला. अर्थ: विश्वाच्या राजा, आमच्या परमेश्वरा, तू धन्य आहेस, आपल्या आज्ञांनी तू आम्हाला पवित्र केलेस आणि खल्ला वेगळा काढण्याची आज्ञा दिलीस. सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या परंपरेतले, लोक शेवटी ‘तेरुमा’ हा शब्द जोडतात. मग साधारण 30 ग्रॅमचा उंडा तोडून ‘हरेझो खल्ला’, म्हणजे हा खल्ला आहे, असे म्हणतात. पीठ 1.2 ते 1.66 किलोच्या मध्ये असेल तर फक्त हे शेवटचे वाक्य.

तीस ग्रॅम हे आजचे प्रमाण आहे. मिश्नाच्या काळी घरच्या कणकेतून 24वा आणि भटारखान्याच्या कणकेतून 48वा हिस्सा काढत. घरची कणीक थोडी, तिचा 48वा हिस्सा याजकाला देणगी म्हणून शोभला नसता. भटारखान्यात तेवढ्यातही भरपूर निघे. आता खाणाराच नाही, मग चांगले अन्न जास्त जाळण्यात अर्थ नाही.

उंडा फॉइलच्या दोन थरांत गुंडाळून गॅसच्या ज्योतीवर किंवा रिकाम्या ओव्हनमध्ये कोळसा होईपर्यंत जाळतात. ओव्हनमध्ये ब्रेड चालू असताना तो शेजारी उघडा ठेवू नये. खल्ला निषिद्ध अन्न आहे, त्याचा अंश ट्रेला किंवा ब्रेडला लागला तर नवा प्रश्न उभा राहतो. जाळणे शक्य नसेल तर दोनदा गुंडाळून कचऱ्यात टाकण्याची मुभा अनेक रब्बी देतात.

काय चुकते

*विसरलो आणि ब्रेड भाजून झाला.* काही बिघडलेले नाही. त्या कणकेच्या सगळ्या लाद्या एका मोठ्या टोपलीत किंवा पातेल्यात ठेवायच्या, वरून कापड घालायचे आणि एका लादीतून तुकडा काढायचा. भांडे त्यांना एकत्र आणते, हा नियम मिश्नातलाच आहे. प्रमाण पुरे असेल तर आशीर्वचनही म्हणतात.

*शुक्रवारी संध्याकाळी, दिवे लावल्यावर आठवले.* शब्बाथला वाटा काढता येत नाही, कारण जे खाण्याजोगे नव्हते ते खाण्याजोगे करणे म्हणजे दुरुस्ती, आणि दुरुस्ती हे शब्बाथला मना असलेले काम. इस्राएलमध्ये असाल तर तो ब्रेड शब्बाथ संपेपर्यंत बंद. इतर देशांत सवलत आहे: खायचे, पण एक तुकडा शिल्लक ठेवायचा, आणि शनिवारी रात्री त्यातून खल्ला काढायचा. तुकडा खल्ल्यापेक्षा मोठा हवा, म्हणजे काढल्यावरही काही उरेल. मुंबई-ठाण्यातल्या कुटुंबाला ही सवलत आहे. तेच कुटुंब इस्राएलला जाऊन राहिले की नाही.

*काढलेला उंडा परत कणकेत पडला.* हे खरे संकट. उंड्याच्या शंभरपट कणीक असेल तर तो विरून गेला असे मानतात. 1.66 किलो पिठाची कणीक अडीच किलोच्या थोडी वर भरते आणि उंडा 30 ग्रॅमचा, म्हणजे जेमतेम पंच्याऐंशीपट. पुरत नाही. उपाय असा की तीन जाणत्या माणसांपुढे आपले ‘हा खल्ला आहे’ हे म्हणणे नवसासारखे सोडवून घ्यायचे. मग कणीक पूर्ववत होते आणि उंडा नव्याने काढायचा. इस्राएलबाहेर नियम सौम्य आहे, पण स्वतःच निर्णय घेऊ नये. उंडा तोडल्याबरोबर फॉइलमध्ये घालणे हे या सगळ्यापेक्षा सोपे.

*दोन परातींत आठ-आठशे ग्रॅम.* एका घरच्या, एकाच प्रकारच्या दोन कणका एकमेकींना चिकटल्या किंवा एका भांड्यात आल्या तर एक मानल्या जातात आणि प्रमाण भरते (1.6 किलो, म्हणून उंडा आशीर्वचनाशिवाय). मात्र एक मैद्याची, एक कोंड्याची, आणि दोन्ही मिसळू नयेत अशी तुमची इच्छा असेल तर त्या वेगळ्याच राहतात.

बाईच्या हाती का?

घरातली कणीक बाई मळते म्हणून, हे साधे उत्तर. मालक पुरुष असेल, भटारखाना असेल, एकटा राहणारा विद्यार्थी असेल, तर आज्ञा त्यांच्यावरही तेवढीच आहे. पण परंपरेने शब्बाथचे दिवे, ऋतुशुद्धीचे नियम आणि खल्ला या तीन गोष्टी खास स्त्रीच्या मानल्या.

त्यामागे एक मिद्राश, म्हणजे रब्बींचे कथारूप भाष्य, आहे, आणि ती या विषयातली सर्वांत सुंदर कल्पना म्हणावी लागेल. बाई पिठात पाणी मिसळते आणि मग खल्ला उचलते. देवाने तसेच केले, धुके वर चढवून माती भिजवली आणि त्यातून आदाम उचलला. आदाम हा जगाच्या कणकेतला खल्ला. हव्वेमुळे तो मरणाधीन झाला, म्हणून ती भरपाई स्त्रीच्या हाती आली, असे मिद्राश पुढे म्हणतो. हा दुसरा भाग आजच्या वाचकाला खटकेल, आणि खटकावा. पण पहिला भाग त्याच्याशिवायही उभा राहतो: माणूस हाच सृष्टीतून वेगळा काढलेला वाटा आहे, आणि वेगळा काढलेला वाटा मालकाच्या मर्जीने वापरायचा नसतो.

याच्याच जोडीला अब्राहामची बायको सारा हिच्या तंबूची आठवण सांगतात. तिचा दिवा एका शब्बाथपासून पुढच्या शब्बाथपर्यंत तेवत असे आणि तिच्या कणकेत बरकत होती. यहेज्केल संदेष्टाही म्हणतो की कणकेचा पहिला वाटा याजकाला द्या, म्हणजे घरावर आशीर्वाद राहील. शब्द ‘घर’ आहे, मंदिर नव्हे. मंदिर गेल्यावर तालमूदने जेवणाच्या टेबलाला वेदीची जागा दिली, त्याची वाट कणकेच्या परातीतून आधीच तयार होती.

अलीकडची भर

उंडा काढल्यावर आजारी माणसासाठी, मूल होण्यासाठी, लग्न जमण्यासाठी प्रार्थना करतात. आज्ञा पाळल्याचा क्षण मागणे मागायला चांगला, ही समजूत जुनी आहे आणि तिच्यात वावगे काही नाही. ‘40 बायकांनी एकाच दिवशी खल्ला काढला तर आजार बरा होतो’ हे मात्र मिश्नात नाही आणि तालमूदातही नाही.

अशा सामूहिक कार्यक्रमांत एक शास्त्रीय अडचणही असते, आणि ती बहुतेकांना सांगितली जात नाही. सभागृहात प्रत्येकीला अर्धा किलो पीठ आणि वाडगा मिळतो. ती मळते, आशीर्वचन म्हणते, उंडा काढते आणि कणीक घरी नेऊन भाजते. अर्धा किलोला खल्लाच लागू होत नाही, मग ते आशीर्वचन वाया. सगळ्यांसाठी एकच मोठी कणीक मळली तरी सुटका नाही, कारण कच्चीच वाटून देण्याच्या हेतूने मळलेल्या आणि प्रत्येकीच्या वाट्याला ओमेरहून कमी येणाऱ्या कणकेला सूट आहे. यावर उपाय दोन. कणीक तिथेच भाजायची आणि ब्रेड वाटायचा. किंवा 1.66 किलोपेक्षा जास्त पिठाची एक कणीक एकाच बाईच्या मालकीची ठेवायची, ती तिच्या घरी भाजली जाईल असे आधी ठरवायचे, आशीर्वचन तिने म्हणायचे आणि बाकीच्यांनी आमेन.